3,000 आरपीएमला काय मिळतं?

सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र, विकणारा प्रत्येकजण आधी सर्वाधिक अश्वशक्तीचा आकडा सांगतो. 650, 700, 750. आकडा खोटा नसतो. पण तो मिळतो इंजिन सहा-साडेसहा हजार आरपीएमला (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) पोचलेलं असताना आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला असताना. पिकअप चालवणाऱ्याच्या आयुष्यात अशी वेळ कितीदा येते? हायवेला लागताना काही सेकंद, एखाद्या रविवारी मोकळ्या ड्रॅग स्ट्रिपवर, बस. बाकीचा सगळा जन्म दीड हजार ते साडेतीन हजार आरपीएमच्या पट्ट्यात जातो. म्हणून गेले काही महिने माझ्या फोर्ड एफ-150 पिकअपसाठी सुपरचार्जर शोधताना मी प्रत्येक शॉपवाल्याला एकच प्रश्न विचारतो आहे: 3,000 आरपीएमला काय मिळतं? बरेचजण थोडा वेळ गप्प होतात. जे होत नाहीत, त्यांच्याशी पुढे तासभर बोलावंसं वाटतं.

आम्ही अमेरिकेत, टेक्ससमधल्या डॅलसच्या उत्तरेच्या उपनगरात राहतो. इकडे पिकअपला नुसतं ट्रक म्हणतात आणि ट्रक सगळीकडे असतो: शाळेच्या पार्किंगमध्ये, देवळाबाहेर, मंडळाच्या गणपतीत हॉलच्या मागच्या दाराशी. माझ्या ट्रकनं मखराचं प्लायवूड वाहिलं आहे, ढोल-ताशे वाहिले आहेत, महाप्रसादाची पातेली वाहिली आहेत. 2021 चं मॉडेल, 5.0 लिटरचं व्ही-8 इंजिन, ज्याला सगळे ‘कायोटी’ म्हणतात. 400 अश्वशक्ती, 410 पाउंड-फूट टॉर्क (फिरवण्याचा जोर), 10 गिअरचा ऑटोमॅटिक. त्याच वर्षी त्याच ट्रकमध्ये 3.5 लिटरचं दोन टर्बोंचं (इंजिनाच्या धुरानं फिरून हवा दाबणारी यंत्रं) इकोबूस्टही मिळत होतं आणि त्याचा टॉर्क 500 पाउंड-फूट होता. ओढायचंच असेल तर ते घ्यायला हवं होतं, असं मला मंडळातले दोन-तीन मित्र अजून सांगतात. त्यांचं गणित बरोबर आहे. पण मला व्ही-8 हवं होतं. मोठ्या घनफळाचं, सरळ, हवा आपल्या छातीनं ओढणारं इंजिन एकदा तरी आपलं असावं, ही इच्छा मी पुण्यात मेकॅनिकलला होतो तेव्हापासूनची.

मग आता सुपरचार्जर कशाला, असा प्रश्न घरातूनच आला. संच आठ-दहा हजार डॉलरचा, वर मजुरी. बायकोनं विचारलं, “तुला नक्की काय हवंय? वेग की आवाज?” मी म्हटलं, “घाट.” आम्ही उन्हाळ्यात कॅम्पर ट्रेलर घेऊन कोलोराडोला जातो. विचिटा फॉल्स, अमरिलो, डॅलहार्ट, क्लेटन असं सपाट, लांबच लांब टेक्सस आणि न्यू मेक्सिको संपतं आणि रॅटन गावापाशी अचानक डोंगर समोर उभा राहतो. गाव सुमारे 2,036 मीटरवर, रॅटन पास 2,388 मीटरवर. मधे फार अंतर नाही. त्या चढात, मागे अडीच टनाचा ट्रेलर असताना, माझा ट्रक तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ओरडत चढतो. समुद्रसपाटीवर हवेचा दाब 14.7 पीएसआय (चौरस इंचावर इतके पाउंड), तिथे साधारण 11. ट्रक घेताना कागदावर असलेले 400 घोडे तिथे 300 ते 320 उरतात. ओरडणं मला चालतं, पण जुलैच्या दुपारी पाठीमागे ट्रेलरचं वजन आणि मागच्या सीटवर मुलं असताना हाताशी थोडी शिल्लक असावी असं वाटतं. ती शिल्लक मला विकत घ्यायची आहे.

इथे एक समज मोडायला हवा, कारण मित्रांशी बोलताना तो हमखास येतो: सुपरचार्जर उंचीवरची तूट भरून काढतो. इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा सुपरचार्जर आत आलेल्या हवेला ठरावीक पटीनं दाबतो. आत येणारी हवाच विरळ असेल तर बाहेर पडणारीही त्याच प्रमाणात विरळ. म्हणजे तोही उंचीवर तेवढ्याच टक्क्यांनी कमी पडतो. फक्त कमी पडायला सुरुवात वरून होते, 400 ऐवजी 600 वरून. टर्बोचं तसं नाही, त्याची टर्बाइन अधिक वेगानं फिरवून तूट बरीचशी भरता येते. दुसऱ्या महायुद्धात हाच प्रश्न रोल्स-रॉईसच्या मर्लिन या विमानाच्या इंजिनापुढे होता. त्यांनी 60 मालिकेतल्या मर्लिनला दोन टप्प्यांचा, दोन गतींचा सुपरचार्जर दिला, म्हणजे ठरावीक उंची ओलांडली की सुपरचार्जरचाच गिअर बदलायचा, आणि दाबून तापलेली हवा थंड करायला वेगळं कूलिंग. स्पिटफायर हे लढाऊ विमान त्यामुळे उंचावर लढू शकलं. पिकअपच्या सुपरचार्जरला असा गिअर नसतो. असता तर मी कर्ज काढलं असतं.

तर आता मूळ निवडीकडे. कायोटीसाठी बाजारात नावं पुष्कळ, पण जाती तीन. माझ्या यादीत प्रत्येक जातीचा एकेक उमेदवार उरला: मिशिगनच्या राउशचा, ज्यात ईटनचा टीव्हीएस रोटर आहे, कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोच्या व्हिपलचा ट्विन-स्क्रू, आणि कॅन्ससमधल्या लेनेक्सा गावच्या प्रोचार्जरचा सेंट्रिफ्यूगल.

पहिल्या जातीचा पूर्वज मी अमेरिकेत येण्याच्या कितीतरी आधी पाहिला होता. इंजिनिअरिंगनंतर पहिली नोकरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होती आणि तिथल्या सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीवर रूट्स ब्लोअर होता. मोटर, व्ही-बेल्ट, लोखंडी कवच, आणि आत दोन मोठे रोटर एकमेकांना न शिवता फिरणारे. काम एकच, टाकीच्या तळाशी हवा सोडत राहायची, म्हणजे पाण्यातले जीवाणू जगतात. फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिलला 1860 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारगाडी जन्मायची होती. भट्ट्यांना आणि खाणींना वारा घालायला तो वापरला गेला. पुढे 1921 मध्ये मर्सिडीजनं बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जरवाल्या गाड्या मांडल्या. माझ्या ट्रकच्या वंशावळीतही तो आहेच. 1999 च्या फोर्ड लाइटनिंगमध्ये, जी स्वतः एफ-150 चीच धावरी बहीण, 5.4 लिटरच्या इंजिनावर ईटनचा एम-112 बसवलेला होता. सुरुवातीला 360 अश्वशक्ती, 2001 पासून 380. आज ते आकडे साध्या एफ-150 चे वाटतात, पण त्या काळी पिकअपनं असं पळावं हेच नवल होतं.

त्या ब्लोअरबद्दल सगळ्यांत पक्की आठवण उष्णतेची. हवा आत घेणाऱ्या पाइपला हात लावता यायचा, बाहेर सोडणाऱ्याला नाही. रूट्सच्या जातीत हवा कवचाच्या आत दाबलीच जात नाही. रोटरच्या पाळ्यांमध्ये सापडलेली हवा नुसती पलीकडे नेऊन सोडली जाते आणि दाब तयार होतो तो पलीकडच्या बाजूला, कोंडल्यामुळे. पाळी उघडली की पुढची दाबातली हवा क्षणभर उलटी आत घुसते, मग पुन्हा ढकलली जाते. ही ये-जा म्हणजे वाया गेलेलं काम, आणि वाया गेलेलं काम उष्णता होऊन हवेतच उरतं.

उष्णतेचा हिशोब मांडल्याशिवाय सुपरचार्जरची निवड करू नये, असं मला मनापासून वाटतं. डॅलसच्या ऑगस्टमध्ये हवा 38 अंशांची धरू. 10 पीएसआय बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जास्त दाब; एकूण दाब 1.68 पट. अगदी आदर्श यंत्रानं, काहीही वाया न घालवता एवढं दाबलं, तरी हवा 50 अंशांनी तापणार, म्हणजे 88. यंत्राची कार्यक्षमता 70 टक्के असेल तर सुमारे 109 अंश. 55 टक्के असेल, जुन्या रूट्ससारखी, तर 129 अंशांच्या घरात. आणि ही हवा ज्या इंजिनात जाणार त्याचं कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती पटीनं दाबतो ते) 12 ला 1, म्हणजे सुपरचार्जरसाठी मुळात योजलेल्या इंजिनांपेक्षा बरंच जास्त. गरम हवा, जास्त दाब, जास्त कॉम्प्रेशन. प्लगच्या ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं पेट्रोल आपणच पेटलं की नॉकिंग, आणि बूस्ट चालू असतानाचं नॉकिंग पिस्टन फोडू शकतं. ते होऊ नये म्हणून कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडतो. ठिणगी उशिरा पडली की विकत घेतलेली अश्वशक्ती धुराड्यातून निघून जाते. जाहिरातीतला आकडा गार हवेतला असतो. माझ्या अंगणातली हवा वेगळी आहे.

ईटननं रूट्सच्या या खोडीवर बरंच काम केलं. टीव्हीएस या मालिकेत रोटरला तीनऐवजी चार पाळ्या आल्या आणि प्रत्येक पाळीला 160 अंशांचा पीळ. हवा एका टोकानं आत येते, तिरकी सरकत दुसऱ्या टोकाकडे जाते, झडप बसल्यासारखा धक्का कमी होतो, आवाजही. 2009 च्या कॉर्व्हेट झेडआर-1 मध्ये 2.3 लिटरचा टीव्हीएस आला तेव्हा 638 अश्वशक्तीची गाडी शहरात शहाण्यासारखी चालली. राउशच्या संचातला त्याचा थोरला भाऊ 2.65 लिटरचा, म्हणजे एका फेरीत तेवढी हवा पुढे ढकलणारा. मध्यम बूस्टवर त्याची कार्यक्षमता सत्तर टक्क्यांच्या आसपास जाते. कारखान्यातल्या त्या तापलेल्या पाइपशी त्याचं नातं आहे, पण दूरचं.

दुसरी जात ट्विन-स्क्रू. ही स्वीडनच्या आल्फ लिशोमची, 1930 च्या दशकातली. इथेही दोन रोटर, पण एक नर आणि एक मादी, वेगवेगळ्या आकारांचे, एकमेकांत गुंतणारे. हवा त्यांच्या पिळात शिरते आणि पुढे सरकता सरकता तिची जागा कमी होत जाते. म्हणजे दाबण्याचं काम कवचाच्या आतच उरकतं. महाराष्ट्रात कुठल्याही कारखान्याच्या कॉम्प्रेसर रूममध्ये जो स्क्रू कॉम्प्रेसर घोंगावत असतो, तो याच कुळातला. जास्त बूस्टला ही जात सरस ठरते, यात वाद नाही. फोर्ड परफॉर्मन्सच्याच यादीत 2021 च्या 5.0 साठी व्हिपलचा 3.0 लिटरचा संच 700 अश्वशक्तीचा होता. तो चालू असताना येणारी शीळ एकदा ऐकली की कानातून जात नाही. मी एका ओळखीच्या माणसाच्या ट्रकमध्ये बसून ती ऐकली आणि घरी येताना माझा ट्रक मुका वाटला. आवाजासाठी निवड करायची असती तर लेख इथेच संपला असता.

या जातीचा गुण आणि दोष एकाच ठिकाणाहून येतो. हवा आतच दाबली जाते, त्यामुळे गरज नसतानाही ती थोडी दाबली जातेच. आरामात 65 मैलांनी जाताना बायपास झडप (दाबलेली हवा परत मागे सोडणारी) उघडी असली तरी स्क्रू आपलं काम सोडत नाही. थोडी शक्ती खातो, थोडा तापतो. टीव्हीएस त्या वेळी बायपास उघडला की जवळजवळ मोकळा फिरतो. हा फरक लहान आहे हे मान्य. पण माझा ट्रक अमरिलोपर्यंत सहा तास आरामातच जाणार आहे, आणि लहान फरक सहा तास चालला की इंजिन-बेमधल्या सगळ्या धातूत मुरतो.

तिसऱ्या जातीबद्दल मी सुरुवातीला जरा अढी धरूनच वाचत होतो, आणि वाचता वाचता तिच्या प्रेमात पडलो. सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जर म्हणजे टर्बोचाच पुढचा अर्धा भाग, एक्झॉस्टऐवजी बेल्ट आणि गिअरनं फिरवलेला. आतलं पंख्यासारखं चाक मिनिटाला पन्नास हजारांहून अधिक फेऱ्या घेऊ शकतं. प्रोचार्जरचं तेल त्याच्या त्याच्यात असतं, इंजिनाच्या तेलाला हात लावावा लागत नाही. इनटेक मॅनिफोल्ड काढावा लागत नाही, इंजिनाच्या डोक्यावर गरम लोखंड बसत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे त्याचा इंटरकूलर, म्हणजे दाबून तापलेली हवा थंड करणारा भाग, पुढच्या बंपरमागे असतो, हवेनं हवा थंड करणारा. बाकी दोघांच्या इंटरकूलरमध्ये पाणी फिरतं. पाण्याची व्यवस्था छोट्या झटक्याला उत्तम, पण लांब चढात पाणीच हळूहळू तापतं आणि एकदा तापलं की उतरायला वेळ घेतं. गाडी पुढे जात असेल तोवर हवेवरचा इंटरकूलर थकत नाही. म्हणजे ज्या घाटासाठी मी हे सगळं करतो आहे, त्याच घाटात उष्णतेच्या बाबतीत हा तिसरा पुढे.

मग अडलं कुठे? 3,000 आरपीएमला.

टीव्हीएस किंवा स्क्रू एका फेरीत ठरावीक हवा ढकलतात. कायोटी 3,000 आरपीएमला मिनिटाला साधारण 7,500 लिटर हवा आत घेतो. समजा ब्लोअर इंजिनाच्या दुप्पट वेगानं फिरतो आहे. 2.65 लिटरचा रोटर तेव्हा मिनिटाला 15,900 लिटर पुढे ढकलणार, गळती वजा जाता थोडी कमी. म्हणजे इंजिनाच्या भुकेच्या दुपटीच्या आसपास. आता 1,500 आरपीएमला जा, दोन्ही आकडे अर्धे होतात. 6,000 ला जा, दोन्ही दुप्पट. प्रमाण तेच. म्हणून या दोन जातींत पाय दिला की बूस्ट खालपासूनच हजर असतो. सेंट्रिफ्यूगलचा दाब मात्र ढोबळमानानं वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 6,000 ला 12 पीएसआय देणारं यंत्र 3,000 ला त्याच्या पाव, म्हणजे 3 देणार. त्याची सगळी मजा वरच्या मजल्यावर.

याला 10 गिअरवाले एक उत्तर देतात आणि ते उत्तर मला मान्य करावं लागलं. पूर्ण पाय दिला की हा ट्रान्समिशन इतक्या जवळजवळच्या गिअरमधून जातो की इंजिन वरच्या पट्ट्यातून खाली येतच नाही, तेव्हा सेंट्रिफ्यूगलची खालची उणीव जाणवायलाच नको. ड्रॅग स्ट्रिपवर हे शंभर टक्के खरं. रॅटनच्या चढात मात्र मला तेच नको आहे. दर वळणावर, दर छोट्या चढाला तीन गिअर खाली पडून इंजिन पाच हजारावर ओरडावं, हेच तर आज होतं आहे. मला तो ट्रक त्याच गिअरमध्ये, 2,800-3,000 ला, नुसता टॉर्कवर चढलेला हवा. वासराला पाजताना गाय शांत उभी असते, तसं इंजिन काम करताना शांत असावं, असं माझं एक जुनं मत आहे.

या एका मतानं तिसरा उमेदवार गेला. मन थोडं दुखलं. माझ्याकडे मस्टँगसारखी स्पोर्ट्स गाडी असती तर उत्तर उलटं आलं असतं.

राहिले दोघे, आणि दोघांमध्ये निवड करायला मदत इंधनानं केली. इथे मराठी वाचकांसाठी एक खुलासा हवा. भारतात पंपावर दिसणारा ऑक्टेनचा (पेट्रोल नॉकिंग किती रोखतं त्याचा) आकडा रिसर्च पद्धतीचा असतो, अमेरिकेतला दोन पद्धतींची सरासरी. म्हणून इथलं 93 हे भारतातल्या 98 च्या आसपास बसतं. टेक्ससमध्ये 93 सहज मिळतं. पण ट्रेलरसकट डॅलसची टाकी अमरिलोच्या आधीच तळाला जाते. पुढे न्यू मेक्सिकोत आणि कोलोराडोत महागातलं पेट्रोलही बहुधा 91 च असतं, आणि कोलोराडोत तर साधं म्हणून 85 विकतात. म्हणजे ज्या जागी ट्रकला सगळ्यांत जास्त कष्ट, तिथेच इंधन सगळ्यांत हलकं. तेव्हा 93 वर जेमतेम बसवलेली 750 अश्वशक्ती मला निरुपयोगी आहे. मला 91 वर, ऑगस्टच्या उन्हात, ठिणगी मागे न ओढता चालणारा संच हवा. कमी बूस्टवर समाधानी असणारा. आणि कमी बूस्टला ट्विन-स्क्रूची आघाडी फारशी उरत नाही. ती खरी उघडते ती वरच्या दाबांना, जिथे मी जाणारच नाही.

शॉपमधल्या बोलण्यांत आणखी एक गोष्ट वारंवार येते, ती डायनोची, म्हणजे गाडीची शक्ती मोजणाऱ्या यंत्राची. कागदावरचे आकडे बहुतेक वेळा इंजिनाच्या क्रँकवरचे, डायनोवरचे चाकावरचे. मधे ट्रान्समिशन, शाफ्ट, डिफरन्शियल आपापला हिस्सा खातात, साधारण पंधरा टक्के धरायची पद्धत आहे. दोन संचांची तुलना करताना एकाचा क्रँकचा आकडा आणि दुसऱ्याचा चाकावरचा शेजारी ठेवून वाद घालणारे मी पुष्कळ ऐकले. डायनोचा कागद मिळाला तर शिखर बघू नये, डावीकडची बाजू बघावी. 2,500 ला रेघ कुठे आहे आणि तिथून 4,500 पर्यंत ती किती सपाट आहे, यात तुमचा रोजचा ट्रक आहे. आणि एकापाठोपाठ तीन फेऱ्या मारलेला कागद मागावा. तिसऱ्या फेरीत रेघ किती खाली आली ते इंटरकूलरबद्दल कुठल्याही विक्रेत्यापेक्षा खरं सांगतं. मला असा कागद दोनच ठिकाणी मिळाला.

कायद्याची बाजू थोडक्यात. कॅलिफोर्नियाचं हवा मंडळ तपासून ज्या संचांना परवाना क्रमांक देतं, तेच तिथे रस्त्यावर चालतात. टेक्ससला तो क्रमांक लागत नाही, पण मी त्याशिवायचा संच बघितलाच नाही. एक तर परवाना मिळालेला संच कॅलिफोर्नियाच्या 91 वर चालेल असाच बेतलेला असतो, जे मला हवंच आहे. दुसरं म्हणजे टेक्ससनं 2025 पासून खाजगी गाड्यांची सुरक्षा तपासणी बंद केली असली तरी आमच्या जिल्ह्यात धुराची तपासणी आहे, आणि ट्रकच्या कॉम्प्युटरनं सगळे सेन्सर नीट असल्याचं सांगितलं नाही तर नोंदणी अडते. आणि तिसरं, ज्या हवेत माझी मुलं फुटबॉल खेळतात त्याच हवेत हा ट्रक धूर सोडणार आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून आणखी थोडी अश्वशक्ती घ्या असं सुचवणाऱ्या माणसाकडे मी परत गेलो नाही.

वॉरंटीचं प्रकरण लोकांना वाटतं तितकं काळंपांढरं नाही. अमेरिकेत 1975 पासून कायदा आहे की नुसता बाहेरचा भाग बसवला म्हणून कंपनी सगळी वॉरंटी उडवू शकत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला हे तिला दाखवावं लागतं. पण इंजिनावर दाब चढवल्यावर इंजिनाचा बिघाड सुपरचार्जरमुळे झाला हे दाखवायला फारशी अडचण येत नाही. राउश आणि फोर्ड परफॉर्मन्स दोघंही, अधिकृत माणसाकडून बसवलं तर, 3 वर्षं किंवा 36,000 मैलांची स्वतःची हमी देतात. माझ्यासारख्या, मूळ वॉरंटीच्या शेवटाला आलेल्या ट्रकला त्यातलं काय आणि किती लागू होतं, ते कलमं एकेक करून वाचावं लागतं. मी ती छापून घेतली आणि एका रात्री पेन्सिल घेऊन वाचली. सुपरचार्जरबद्दलचं इतकं उपयोगी वाचन मी दुसरं केलं नाही. हमी देणाऱ्याला कशाची भीती वाटते ते कलमांतून कळतं: सुपरचार्जर फिरवणारी पुली बदललेली, इंजिनाच्या कॉम्प्युटरचा ट्यून बदललेला, हलकं पेट्रोल. या तीन गोष्टींनी इंजिनं फुटतात, हे ज्यांनी फुटलेली इंजिनं उघडून पाहिली त्यांनीच लिहून ठेवलेलं आहे.

तर मी टीव्हीएस घेतो आहे. राउशचा संच, ट्यूनला हात न लावता. त्याबरोबर मी सुचवलेली एकच वाढ म्हणजे पुढचा पाण्याचा रेडिएटर मोठा, कारण पाण्यावरच्या इंटरकूलरचा दोष मला माहीत असूनच मी तो घेतो आहे. संच बसवण्याआधी ट्रान्समिशनचं तेल आणि प्लग बदलून घेणार. शॉपवाल्यानं फोनवर शेवटी विचारलं, लहान पुली हवी का, थोड्या पैशांत अजून दोन पीएसआय. नको म्हटलं.

बसवून झाल्यावर पहिली टाकी मुद्दाम 91 ची भरायची आहे. ट्रेलर न जोडता, मग रिकामा ट्रेलर जोडून, मग भरलेला. दर वेळी लॉगर लावून इंटरकूलरनंतरच्या हवेचं तापमान आणि ठिणगी किती मागे जाते ते नोंदवायचं. ऑगस्टच्या दुपारी, भरलेल्या ट्रेलरसकट, ते तापमान 60 अंशांच्या आत राहिलं तर पुढच्या जुलैत रॅटन. नाही राहिलं तर आणखी मोठा रेडिएटर, आणि रॅटन पहाटे.